फ्राइड राइस: टेरिटी बाजार ते आपला गॅस

मंडळी, आपल्या गणेशोत्सवातल्या खाद्यपदार्थांच्या मेळाव्यात थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ आणि मोदक यांच्या बरोबरीने फ्राइड राइसचं पातेलं नसलं तर हल्ली चुकल्यासारखं वाटतं. कोणी कुरकुरतं, "हे काय आपलं आहे का?" कोणी म्हणतं, "चीनमध्ये तरी असा भात कुठे मिळतो? हे सगळं नकली." ही दोन्ही मतं मी पंचवीस-तीस वर्षं ऐकत आलो आहे. नोकरीनिमित्त कोलकात्यात आलो, इथलाच झालो, आणि इतिहासाची आवड असल्याने या भाताच्या मागे लागलो. तेव्हा यंदाच्या स्मरणिकेत देवधर्मावर लिहिण्याऐवजी या पातेल्याचीच गोष्ट सांगतो. ती आपण राहतो त्या शहराची गोष्ट आहे. शिवाय आपल्यासारख्याच बाहेरून येऊन इथे रुजलेल्या माणसांचीही आहे.

आधी मूळ पाहू. उरलेला भात परतून खाणं ही कोणा एका देशाची मक्तेदारी नाही. आपला फोडणीचा भात काय वेगळा आहे? रात्रीचा भात, सकाळी मोहरी, हिंग, हळद, कांदा, मिरची, की झाली न्याहारी. चिनी घरांतही हेच झालं. त्यातला सर्वांत नावाजलेला प्रकार म्हणजे यांगझोऊ शहराच्या नावाचा भात. सुई घराण्याच्या यांग सम्राटाशी, म्हणजे सातव्या शतकाच्या सुरुवातीशी, त्याचा संबंध जोडणारी दंतकथा आहे. दुसरी कथा त्याचं श्रेय यी बिंगशौ (१७५४ ते १८१५) या तिथल्या अधिकाऱ्याला देते. दंतकथा दंतकथेच्या जागी. पण त्या शहराला या भाताचा अभिमान इतका, की २०१५ साली तिथे चार टनांहून जास्त फ्राइड राइस एकदम करून जागतिक विक्रमाचा प्रयत्न झाला. त्यातला काही भात डुकरांना घातल्याचं उघड झालं आणि विक्रम रद्द झाला. अन्नाची नासाडी कुठल्याच संस्कृतीत खपत नाही, हे त्यातलं तात्पर्य.

आता कोलकात्याकडे येऊ. हुगळीच्या काठाने बजबजच्या पुढे गेलं की अचिपूर नावाचं गाव लागतं. हे नाव एका चिनी माणसावरून पडलं. त्याचं नाव टाँग आचू. वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना, १७८० च्या आसपास, त्याने इथे जमीन मिळवली, ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. त्यासाठी चीनहून मजूर आणले. हे मजूर कारखाना सोडून शहराकडे पळू लागले, तेव्हा त्यांना फूस लावणाऱ्यांना तंबी देणारी जाहीर सूचना कंपनी सरकारने नोव्हेंबर १७८१ मध्ये काढली. पुढच्या काही वर्षांतच आचू वारला आणि त्याच्या मागे कारखानाही टिकला नाही. पण नदीकाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची त्याची लाल समाधी आजही आहे. जवळच भूमीचे देव-देवी मानलेल्या जोडप्याचं देऊळ आहे, आसपासचे लोक त्यांना 'खुदा-खुदी' म्हणतात. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याची चिनी मंडळी तिथे दर्शनाला जातात. बंगालीत साखरेला 'चिनी' म्हणतात. तो शब्द आचूच्या कितीतरी आधीचा, पण योगायोग मात्र गोड आहे.

कारखाना सोडून आलेले आणि मागाहून येत राहिलेले चिनी लोक मध्य कोलकात्यात टेरिटी बाजाराच्या परिसरात वसले. हे नाव एदुआर्दो तिरेत्ता या इटालियन गृहस्थावरून आलं. तो कंपनीच्या काळात शहराच्या रस्त्यांचा आणि इमारतींचा अधिकारी होता. गंमत पाहा, इंग्रजांच्या शहरात इटालियन माणसाच्या नावाच्या बाजारात चिनी लोक राहू लागले, आणि आज तिथे मराठी माणूस सॉसची बाटली आणायला जातो!

चिनी म्हणजे सगळे एकच असं आपल्याला वाटतं. परप्रांतात आपल्याला कोल्हापूरचे, नागपूरचे, कोकणातले असा भेद न करता सरसकट 'मराठी' म्हणतात, तसंच हे. प्रत्यक्षात त्यांच्यातही प्रांत, बोली आणि धंदे वेगवेगळे. कँटनकडचे लोक सुतारकामात तरबेज, ते गोदीत आणि जहाजांवर काम करत. हुपे प्रांताचे लोक दातांचे वैद्य. हाक्का लोक चामड्याच्या व्यवसायात होते. बेंटिंक स्ट्रीटवरची बुटांची दुकानं त्यांची, आणि शहराच्या पूर्वेला दलदलीच्या कडेने टँग्रा इथे उभे राहिलेले कातडी कमावण्याचे कारखानेही त्यांचेच. आपल्या समाजाने जातीपातीच्या नावाखाली ज्या कामाला हात लावायचं नाकारलं, ते या लोकांनी पत्करलं आणि त्यावर संसार उभे केले. प्रत्येक गटाने आपापली देवळं बांधली. कोलकात्यात त्या देवळांना 'चर्च' म्हणतात हेही एक नवलच.

खाणावळी आधी त्यांच्याच माणसांसाठी होत्या. मग गोदीवरचे खलाशी, साहेबलोक आणि बंगाली बाबू यायला लागले. १९२० च्या दशकात टेरिटी बाजारातल्या तूंग ऑन देवळाच्या इमारतीत 'नानकिंग' हे उपाहारगृह सुरू झालं आणि पुढे फार नावारूपाला आलं. त्याच दशकातलं 'ओ च्यू' गणेशचंद्र ॲव्हेन्यूवर आहे. पहाटे टेरिटी बाजारात सन यत सेन स्ट्रीटच्या नाक्यावर चिनी न्याहारी मिळते. पूर्वीइतकी दुकानं आता राहिली नाहीत, तरी उजाडताच जायची तयारी असेल तर सूप, वाफवलेले पाव आणि मोमो मिळतात. नऊ वाजता गेलात तर नुसता रस्ता दिसेल!

आता या गोष्टीचा कडू भाग. तो वगळून फ्राइड राइसचा इतिहास सांगितला तर तो अर्धवट राहील.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केलं. महिन्याभराने युद्ध थांबलं, पण आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या लोकांवर मात्र संशयाची सावली पडली. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग आणि उत्तर बंगालमधून सुमारे तीन हजार माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांसाठी वापरलेली ही छावणी. कित्येक दिवसांच्या रेल्वेप्रवासाने म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि गरोदर बायका तिथे पोहोचल्या. यातले पुष्कळजण भारतातच जन्मलेले होते. काहींना जहाजांतून चीनला धाडलं. तो देश त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिलाही नव्हता. काहीजण १९६७ पर्यंत छावणीतच होते. सुटून आले तर घर दुसऱ्याचं झालेलं आणि दुकान गेलेलं. आसामातल्या माकुमच्या अशा कुटुंबांवर रीता चौधरी यांनी 'माकाम' ही असमिया कादंबरी लिहिली, ती २०१० साली आली. तोपर्यंत या विषयावर फारसं कोणी बोलतही नव्हतं.

कोलकात्यातल्या बहुतेकांवर छावणीत जायची वेळ आली नाही, पण जाच चुकला नाही. टँग्रातल्या एका छोट्या हॉटेलच्या मालकीणबाईंशी आमचा चांगला घरोबा होता. आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणायचो. बासष्ट साली त्या शाळेत होत्या. त्या सांगत, की त्यांच्या वडिलांना ठरावीक दिवशी पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि शहराबाहेर जायचं तर परवानगी काढावी लागे. "बाबा हजेरीला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे," एवढंच बोलून त्या गप्प झाल्या. मी पुढे काही विचारलं नाही. त्यांची भावंडं नंतर एकेक करून कॅनडाला गेली. अशी हजारो माणसं टोरंटो, सिडनी, हाँगकाँगकडे निघून गेली आणि भरलेली वस्ती विरळ होत गेली.

हे ऐकलं तेव्हा मला आपली आठवण झाली. मंडळी, बंगालमध्ये आपली पहिली ओळख काय आहे? १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी हा मुलूख लुटला. त्यांना इथे 'बर्गी' म्हणत. आपल्याला भिऊन कोलकातेकरांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. तो पुढे बुजवून सर्क्युलर रोड झाला, ज्यावरून आपण रोज बसने जातो. बर्गी येतील अशी भीती घालून इथल्या आया अजूनही बाळांना झोपवतात. म्हणजे खरी लूटमार आपल्या लोकांनी केली होती, आणि तरी मला या शहरात कोणी हजेरीला बोलावलं नाही. 'बर्गी' म्हणून चेष्टा केली ती ऑफिसातल्या मित्रांनी, तीही चहा पाजून. ज्यांनी ऊस लावला, बूट शिवले, दात बसवले आणि जेवू घातलं, त्यांना मात्र चेहऱ्यावरून परकं ठरवलं गेलं. आपण चेहऱ्याने वेगळे दिसत नाही, यात आपलं कर्तृत्व काही नाही.

टँग्रावर दुसरा आघात १९९६ साली आला. प्रदूषणाच्या कारणाने टँग्रा परिसरातले कातडी कारखाने बंतलाला हलवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. निर्णय पर्यावरणाच्या दृष्टीने समजण्यासारखा होता, पण सगळ्यांना हलणं परवडणारं नव्हतं. टँग्रात हॉटेलं आधीपासून होतीच, आता अनेक घरांचा मुख्य आधार हॉटेल हाच झाला. ज्या आवारात कातडी वाळत, तिथे टेबलं मांडली गेली. आज आपण वाढदिवसाला सहकुटुंब 'चायना टाउन'ला जाऊन जे चिली चिकन आणि मिक्स्ड फ्राइड राइस मागवतो, त्यामागे हा असा इतिहास आहे. त्याच टँग्रात चिनी लोकांनी सांभाळलेलं कालीमातेचं देऊळ आहे आणि तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. आपल्या बाप्पाला एकवीस मोदक, त्यांच्या कालीला नूडल्स. भक्ती तीच!

मुंबईकडच्या नातेवाइकांना वाटतं की चायनीज हा प्रकार तिकडचाच. त्यांना सांगायला हरकत नाही, की मंच्युरियनचं मूळही आपल्या शहरापर्यंत पोहोचतं. चिकन मंच्युरियनचे जनक मानले जाणारे नेल्सन वाँग कोलकात्यात जन्मलेले. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉरने रस दाट केला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पुढे 'चायना गार्डन' हे त्यांचं हॉटेल गाजलं. त्याच दशकात ताजमहाल हॉटेलच्या 'गोल्डन ड्रॅगन'ने सिचुआन प्रांताची तिखट चव मुंबईला दाखवली. तिचं गाडीवरचं रूप म्हणजे आपलं लालभडक 'शेजवान'. गंमत अशी, की सिचुआनची खरी खूण म्हणजे जीभ बधिर करणारी तिथली मिरी, आणि नेमकी तीच आपल्या शेजवानात नसते. पण तिची सख्खी बहीण कोकणात घरोघरी आहे, ती म्हणजे माशाच्या आमटीतलं तिरफळ! वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच कुळातली. आमच्या सौ.ने एकदा चिमूटभर तिरफळपूड फ्राइड राइसमध्ये घातली, तेव्हापासून आमच्याकडे ती प्रथाच पडली आहे.

आता कृतीकडे वळतो. आंटींनी जे शिकवलं त्यात इतिहास आणि शास्त्र दोन्ही आहे.

चौघांसाठी दोन वाट्या जुना, लांब दाण्याचा तांदूळ घ्यावा. गोविंदभोग पायेशसाठी ठेवावा, तो चिकट होतो. तांदूळ अर्धा तास भिजवून भरपूर उकळत्या पाण्यात, मीठ घालून शिजवावा. शीत दाबल्यावर आत किंचित कणी लागली की बंगाली घरांत 'फ्यान' गाळतात तसं पाणी गाळून टाकावं. कुकरच्या शिट्ट्या इथे नकोत. भात परातीत पसरून पंख्याखाली निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. शिजलेल्या भातातलं पिष्ट थंडीत पुन्हा घट्ट होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दाणे मोकळे राहतात आणि परतताना मोडत नाहीत. 'शिळा भातच हवा' यामागचं कारण एवढंच.

पण शिळा म्हणजे रात्रभर ओट्यावर ठेवलेला नव्हे, हे कृपया लक्षात घ्या. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात दमट हवेत तसाच राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा परतूनही जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे उलट्या झाल्याच्या घटनांतून हे लक्षात आलं. कोलकात्याच्या भाद्रपदातल्या उकाड्यात तर विशेष जपावं.

भाज्या सगळ्या बारीक आणि एकसारख्या चिराव्या: गाजर, फरसबी, कोबी, ढोबळी मिरची, पातीचा कांदा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी, मग दोन-तीन चमचे तेल घालून ती सगळीकडून तेलकट करावी. बारीक चिरलेला लसूण आणि आलं घालावं, लगेच कांद्याचा पांढरा भाग, मग फरसबी-गाजर, शेवटी कोबी-ढोबळी. भाज्या कुरकुरीत राहिल्या पाहिजेत. अंडं खाणाऱ्यांनी ते आधी वेगळं परतून बाजूला ठेवावं. मग थंड भात हाताने मोकळा करून घालावा, मोठ्या आचेवर उलटत राहावं. कडेने चमचाभर सोया सॉस, चवीपुरतं मीठ, पांढऱ्या मिरीची पूड, दोन थेंब व्हिनेगर आणि वरून कांद्याची पात. झालं!

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी दोघांपुरताच भात परता. हॉटेलची शेगडी भट्टीसारखी पेटते, आपला गॅस तेवढी आच देऊ शकत नाही. कढई गच्च भरली की ती थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि भात परतण्याऐवजी वाफवला जातो. तो धुरकट खमंगपणा, ज्याला कँटनी लोक 'वोक हे' म्हणजे कढईचा श्वास म्हणतात, तो कोरड्या आणि तापलेल्या कढईतच येतो. मेळाव्याला पन्नास जणांचा भात करणाऱ्या वहिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

अजिनोमोटो घालावं की नाही, हा प्रश्न दरवर्षी निघतो. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली, पुढच्या वर्षी ती त्या नावाने बाजारात आली. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी हॉटेलात जेवल्यावर त्रास होतो असं एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं आणि सगळा दोष या पांढऱ्या पुडीवर आला. नंतरच्या अभ्यासांत नेहमीच्या प्रमाणात तसा ठाम पुरावा मिळाला नाही. हाच घटक पिकलेल्या टोमॅटोतही नैसर्गिकरीत्या असतो. घालायचं नसेल तर जरूर घालू नका, चांगल्या सोया सॉसने काम भागतं. पण 'चिनी म्हणजे काहीतरी भेसळ' ही समजूत मात्र काढून टाकावी.

बंगाली लग्नातल्या काजू-बेदाणे घातलेल्या, किंचित गोडसर फ्राइड राइसबद्दल आणि मुंबईच्या ट्रिपल शेजवानबद्दल पुन्हा कधीतरी. या सगळ्यांना 'नकली चायनीज' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: हा पदार्थ चीनचा नसेलही, पण तो भारतातल्या चिनी लोकांचा नक्कीच आहे. त्यांनी आपल्या तिखटाला, आपल्या उपासतापासाला, आपल्या शाकाहाराला सांभाळून घेत तो रांधला. आपणही गावाकडच्या पुरणपोळीत नोलेन गूळ घालून खातोच की! परमुलखात राहायचं तर थोडं आपलं सोडावं लागतं, थोडं त्यांचं घ्यावं लागतं. फक्त समोरच्यानेही आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच अपेक्षा असते. चिनी बांधवांच्या वाट्याला ती नेमक्या गरजेच्या वेळी आली नाही.

म्हणून एक विनंती करतो. या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे मुलाबाळांना घेऊन टेरिटी बाजारात जा. न्याहारी करा, पौ चाँगच्या दुकानातून सॉसची बाटली घ्या, दुकानदाराशी चार शब्द बोला. तो आपल्यापेक्षा अस्खलित बंगालीत उत्तर देईल. येताना वाटेत मुलांना देवळीची हकीकत सांगा. शाळेच्या पुस्तकात ती त्यांना सापडायची नाही.

गणपती बाप्पा मोरया!